विहिरीतले अप्पा

परभणी, २० एप्रिल १९८६

ती. आईस महादेवीचे शरणार्थ.

अप्पांची काळजी करू नको. इथल्या डॉक्टरांच्या औषधानं रक्तातली साखर उतरायलीय. डोळ्यांना जरा अंधुक दिसतं म्हणतात, तेवढंच. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं, तर दारापासूनच माघारी यायचे. लय गप्प झालते.

मागल्या रविवारी आमी सगळे माझ्या जाऊबाईंच्या माहेरच्या मळ्यात गेलतो. विहीर दिसली अन् अप्पांनी सदरा काढून थेट उडी मारली! मी किंचाळलेच. बघते तर अप्पा पाण्यावर मांडी घालून, लिंगपूजेला बसल्यासारखे तरंगायलेत. मला पापणीच लववेना. अप्पांना पवता येतं, हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं!

आता तुझे जावई रोज सकाळी त्यांना सायकलवर तिकडं नेतात. आल्यावर अप्पा ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी मागून खातात. गोड चहाची आठवणसुद्धा काढत न्हाईत.

मी विचारलं, "अप्पा, कुणी शिकवलं वो तुमाला?"

हसून म्हणले, "तुझ्या आईनं. लग्नाच्या पयल्या वर्षी, तिच्या माहेरच्या नदीत. पहाटं, कुणी बघायच्या आत."

आई, तू? तुझे गुडघे कसे हायत? अप्पांना न्यायला तूच ये. येताना एक जुनं लुगडं आण. मलाही शिकव.

तुझी लेक,
महादेवी