पायरीचा दगड

मंगळवार, संध्याकाळ

गावठाणातलं आमचं घर पाडायला घेतलं तेव्हा पप्पांनी बिल्डरकडे फक्त दाराची पायरी मागितली. मालाडच्याच खाणीतला पिवळा दगड, मधे झिजून खोलगट झालेला. ती खाण कधीच बुजली, वर टॉवर उभे राहिले. असा दगड आता कुठे मिळणार?

पण ठेवायचा कुठे? लिफ्टमध्ये मावेना, भाड्याच्या फ्लॅटपर्यंत जिन्याने चढवणं जमलं नाही, म्हणून खाली लिफ्टशेजारी आडवा ठेवलाय. आज सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "काढा ना तो, लॉबीत घाण दिसतो. उद्या डेब्रिजची गाडी येतेय, देऊन टाका." त्याच्या लॉबीला दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स. मी भाडेकरू, काय बोलणार? बरं म्हटलं.

तेव्हापासून एकच, पप्पांना सांगू कसं? आणि घराच्या जागी होणाऱ्या नव्या बिल्डिंगमध्ये तरी ही पायरी लावणार कुठे?

आत्ता ते चर्चमधून आले. मी धीर करून म्हटलं, "पप्पा, तो दगड..."

"आहे ना खाली," म्हणाले आणि खुर्चीत बसले. पाय अनवाणी, तळवे काळे.

"चपला कुठायत?"

त्यांनी पायांकडे बघितलं. "काढल्या की. पायरीपाशी."