मुस्तिक्कीची मान आणि कर्नलची भूक

ओउलु, मंगळवार

प्रिय हिल्कामावशी,

ओन्नीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला का? मी खुशाल आहे, फक्त अंगाला शेणाचा वास येतो. त्याची हकिगत अशी.

निवाला गावात आउनेबाईंच्या गोठ्यात आमच्या कंपनीचं दूध काढणारं यंत्र आहे. गाय आपणहून आत येते, दूध देते, बाहेर जाते (ऑफिसात इतकी शिस्त नाही). पण ते यंत्र मधूनच बंद पडायचं आणि कास तटतटलेल्या गायी दाराशी हंबरत राहायच्या. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच सगळं बघतात. मला कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, “नीट करा, नाहीतर घेऊन जा. मी गायीच विकते, म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑफिसात सगळं खापर माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताइमीच्या माथी. यंत्रातल्या कॉम्प्युटरच्या गाभ्याशी कर्नल नावाचा मूळ प्रोग्रॅम असतो (फौजेतला कर्नल नव्हे). तो प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी वाटतो, काम झालं की परत घेतो. मेमरी पार संपली, की सगळ्यांत जास्त खाणारा दिसेल त्या प्रोग्रॅमला तो मारतो. मरायचा नेहमी ताइमीने लिहिलेलाच, आणि यंत्र थांबायचं. साहेब म्हणाले, हाच खादाड. बिचारीने तो पुन्हा पुन्हा तपासला, काही सापडेना. शेवटी राजीनाम्याचं बोलू लागली. (मला वाईट वाटलं, एवढंच. लगेच आईला फोन करू नकोस.)

मी गोठ्यात स्टुलावर लॅपटॉप मांडून सगळ्या चालू प्रोग्रॅमांच्या मेमरीची बेरीज केली. सगळे मिळून पाव भागही खात नव्हते. बाकीची कर्नलच्याच पोटात. पंगतीतल्या माणसाला हाकलायचं आणि वाढप्यानेच पातेलं चाटायचं, तशी गत. कर्नलने स्वतःसाठी काय काय घेतलंय ते पाहिलं, तर एकच गोष्ट फुगत होती : गाय ओळखायला तिच्या गळ्यात रेडिओपट्टा असतो, त्या पट्ट्यांसाठीची जागा. पट्टा टप्प्यात आला की कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांशी बोलणारा भाग, मेमरीचा एक तुकडा घ्यायचा आणि पट्टा दूर गेला की तो परत करायला विसरायचा. पण गायी अशा कितीशा ये-जा करणार?

तेवढ्यात आकडा भराभर चढू लागला. मान वर केली, तर मुस्तिक्की नावाची गाय फाटकाच्या खांबावर मान घाशीत होती. मान इकडे, पट्टा टप्प्यात. मान तिकडे, टप्प्याबाहेर, आणि दर वेळी मेमरीचा एक तुकडा गडप. चेहऱ्यावर परमसुख.

ताइमीला फोन केला. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हणजे माझं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग साहेबांना तूच सांग. मी सांगायला गेले तर आवाज चढेल.”

मी सांगितल्यावर साहेबांनी तिच्यासाठी केक आणला. चुकलो म्हणाले नाहीत, पण मोठा तुकडा तिला दिला. आउनेबाईंनी गायी विकायचा विषय काढलेला नाही. काकांना नमस्कार.

तुझा,
ओन्नी

ता. क. : दुरुस्त केलेला कर्नल घालून तपासायला शुक्रवारी यंत्र दिवसभर बंद राहील. गायी थांबत नाहीत. हाताने दूध कोण काढणार, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून बसलोय. गमबूट आण. जमलं तर काकांनाही.

आणखी ता. क. : ताइमीही येणार आहे. दूध काढायला मी तुझ्या हाताखाली शिकलो, असं तिला सांगितलंय. तू नुसती मान हलव, आणि मला लाथेच्या टप्प्यात उभं करू नकोस.