शिलाईचा एक इंच

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार. मशीनवरचा पाय काढून निवांत वाचा, काळजीचं काही नाही.

सिनेमाच्या शाळेत बरं चाललंय. दहावी नापास म्हणून कुणी अडवलं नाही, फक्त हात स्थिर आहे का बघितलं. मला फोकसला लावलंय. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपनं अंतर मोजायचं आणि भिंगाची कडी तेवढ्यावर फिरवायची. टेप हातात आली तेव्हा वाटलं, आपल्या दुकानातच उभा आहे.

तिथंच घोटाळा झाला. सोमवारी एका म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्याचा शॉट होता. पडद्यावर बघतो तर कान स्वच्छ आणि डोळे धुरकट. मास्तर म्हणाले, "मोजलंस नीट, मग हा एक इंच जास्तीचा कुठून आणलास?"

तोंडून निघून गेलं, "शिलाईसाठी सोडला."

वर्ग हसला, मास्तर नाही. "शनिवारी परत घेऊ. तेव्हा चुकलास तर दिवे उचलायला जायचं."

शनिवारी मोजलं तेवढंच ठेवलं. बाईंची पापणी न् पापणी दिसली. आता वर्षअखेरच्या फिल्मचा फोकस माझ्याकडेच आहे.

सुईत दोरा हल्ली ताई ओवून देते म्हणे. डोळे दाखवलेत का? माझ्यावरचा राग असू द्या, पण चष्मा करून घ्या. ही फिल्म तुम्हाला दाखवायची आहे.

मास्तरांनी विचारलं, टेप इतकी सरळ धरायला कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं.

तुमचा,
दुकानातून पळालेला धाकटा