एकशे एक्क्याण्णवनं भाग जातो

प्रिय आत्या,

आज माझा रिपोर्ट मिळणार आहे. शिरूरच्या दवाखान्यात माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतलाय. हो गं, तुला झाली होती तिथंच! आईला तेवढं सांगितलंय. सणसवाडीच्या खोलीत एकटी बसलेय, आणि ही भीती तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

पावतीवर नंबर आहे, ४१५३९. तो बघितला आणि मी काय केलं असेल? भाग द्यायला लागले! तूच लावलेली खोड. पाटसला फाट्यावर एसटीची वाट बघताना उसाच्या ट्रॅक्टरांचे नंबर तू मला तोडायला लावायचीस. "तीननं जातंय का बघ. आकड्यांची बेरीज कर की गं, येडे!" कशानंच भाग गेला नाही की तू खूश. पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात, तू म्हणायचीस हट्टी.

तुझ्या पावतीवर ३६८६३ होता. खाटेवर बसून तू पेन्सिलनं भाग देत गेलीस, आणि मग पेन्सिल ठेवून म्हणालीस, "तुटत न्हाई बघ! हट्टी हाय. मला बी काय हुयाचं न्हाई. कशाला जायाचं रिपोर्टला?"

आम्ही हसलो गं! किती कौतुकानं हसलो! रिपोर्ट दौंडच्या दवाखान्यात पडून राहिला. आणला तेव्हा फार उशीर झाला होता.

तू गेल्यावर मी तोच नंबर घेऊन बसले. एकशे ब्याण्णवचा वर्ग त्याच्याहून फक्त एकानं मोठा. म्हणजे एकशे ब्याण्णवच्या आतले सगळे हट्टी आकडे लावून बघायचे, पुढं जायची गरजच नाही. तुझ्या कागदावर शेवटचा भागाकार एकशे एक्क्याऐंशीचा, तिथंच तू थांबलीस. पुढचाच एकशे एक्क्याण्णव, आणि त्यानं भाग जातो, आत्या! एकशे एक्क्याण्णव गुणिले एकशे त्र्याण्णव. एकच भागाकार राहिला होता.

तो केला असतास तर रिपोर्ट आणायला गेली असतीस का? का दुसरं काही निमित्त काढलं असतंस? तूही घाबरली होतीस ना? मग सांगायचं तरी! राग येतो मला तुझा.

माझ्या नंबराला तीननं भाग गेला नाही. सातनं एक उरला. तेरानं चार उरले. आणि मनात आलं, हा हट्टी निघाला तर आज नाही गेलं तरी चालेल. त्या विचारानं मात्र अंगावर काटा आला.

तेवढ्यात आईचा फोन. "निघाली का न्हाई अजून? मी केंदूरवरनं येऊन शिरूरच्या स्टँडवर बसलीय कवाची."

निघते. भीती गेलेली नाही, तिला घेऊनच निघते. पण तुला शब्द देते, हा नंबर तुटो नाहीतर न तुटो, रिपोर्ट मी माझ्या हातानं उघडीन. सतरानं भाग द्यायचा राहिलाय, तो तसाच राहू दे.

तुझी,
वैशी