सिद्धता बरोबर, पाइप फुटला

तीर्थस्वरूप शरणबसप्पामामांना ईटहून शिवलीलाचे शरणार्थ.

तुमचा गुडघा आता खाली बसू देतो का? मामींचा खोकला गेला असेल. इकडं आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

झालं असं. मळ्यातलं पाणी वरच्या तुकड्याकडून खालच्या तुकड्याला वळवणारा प्रोग्राम रुद्रेशदादानं लिहिलेला. चालायचा उत्तम, पण वाचवत नव्हता. (दादाचं अक्षरही तसंच.) घरी बसून मी कंपनीचं काम करते ते हेच: जुना प्रोग्राम यंत्राकडून नीटनेटका करून घ्यायचा आणि नवा अगदी जुन्यासारखाच वागतो, हे गणितानं सिद्ध करायचं. दादाच्या प्रोग्रामचंही तसंच केलं. सिद्ध झालं. आईला पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी वळायला आणि पाइप फुटायला एकच गाठ पडली. फवारा थेट शेजारच्या हरणाबाईंच्या खळ्यात, ज्वारीच्या राशीवर. दादाचा प्रोग्राम आधी खालचा वॉल्व उघडायचा, मग वरचा बंद करायचा. यंत्रानं नीटनेटकेपणात क्रम उलटा केला. त्यामुळं मोटार चालू आणि दोन्ही वॉल्व बंद, असा एक क्षण आला आणि कोंडलेल्या पाण्यानं पाइप फोडला. मी तपासायला सांगितलं होतं ते एवढंच, की शेवटी दोन्ही वॉल्व जुन्यासारखेच असतात का. असतात. (पाइप फुटल्यावरही होते, मी जाऊन पाहिलं.)

"नवा जुन्यावानीच हाय म्हणतीस?" हरणाबाईंनी विचारलं.

"व्हय, मावशी. सिद्ध झालंय."

"मंग रुद्रेशचा बी कवा तरी रास भिजवणारच व्हता की! त्याला बोलीव पुण्याहून."

दादाची यात काही चूक नाही, हे सांगताना मला रडूच आलं. हरणाबाईंच्या वर्षाच्या भाकरी त्या राशीत होत्या. आम्ही दोघींनी ज्वारी उन्हात पसरली, हातानं हलवत राहिलो, तरी बरीच काळी पडली. काळी आमच्या बैलांना आली, आमची कोरडी पोती त्यांच्या घरी गेली. मग मी क्रमही तपासायला सांगितला, तेव्हा यंत्रानं तो नेमका क्षण दाखवला. दादाचा क्रम परत घातला आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
शिवलीला

ता. क. पत्राचं खरं कारण: पेढ्याच्याच दिवशी येडशीला येऊन तुमच्या मोटारीच्या पेटीतही मी तोच प्रोग्राम घातला होता. मळ्यात तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र देऊन शेजारच्या रामकिसनला गाडीवर धाडते. आधी मोटार बंद करा.

आणखी ता. क. पेटीजवळ चिखल झालेला दिसला, तर तडक शेजाऱ्यांच्या खळ्यावर जा. रामकिसनबरोबर ताडपत्री दिली आहे.