खिळे ठोकलेला पाळणा

किशोरभाऊ,

नमस्कार राहू दे, मी लय संतापली आहो.

तुया प्रणालीच्या लेकरासाठी मी सागाचा पाळणा केला. खिळा नाही, सरेस नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कोरलेलं टोक, कुसू, वरून लाकडी पाचर. पाचर काढली का पाळणा सुटा होते, अन् माहेरचं बाळंतपण आटपून पोरगी सासरी जातानी मोळी बांधून एसटीत नेता येते. तुले सांगतलं होतं ना? तरी "बाईच्या कामाचा काय भरवसा, लेकरू पडन" म्हणून तू खिळे ठोकले! काहून रे?

आता पोरगी लेकरू घेऊन अकोटले गेली अन् पाळणा तुया घरी. त्यात कांदे ठेवशीन का?

हे पत्र धाडत नाही. जंबूर घेऊन उद्या मीच येऊन राहिली. खिळे तू उपटशीन, माया समोर.

तुयी बहीण,
रुख्मिणी, जठारपेठ