शैलाचा लांब सूर

१२ ऑक्टो.
शैला आली सुप्याहून. सख्ख्या धाकट्या बहिणीला दारात क्षणभर ओळखलंच नाही, इतकी बारीक. जाने.त रोहनचं लग्न. मुलाच्या लग्नात आमच्या आईचं रेशमी पोलकं घालायचंय तिला, म्हणून वजनाच्या गोळ्या, पुण्याच्या डॉ.नी लिहून दिलेल्या. पोलकं बसलं. आरशासमोरून हलेना. भाजीवाल्या कमलबाई म्हणाल्या, "लई बारीक झाल्यात बहीणबाई. आमाला बी सांगा की औषिद."

२ नोव्हें.
चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम. शेवटचा लांब सूर शैलाचा. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हा दोघींना सूर धरायला लावायच्या, जिंकायची तीच. आज मध्येच तुटला. म्हणे, अंगावर अजून चरबी आहे, म्हणून दम लागतो. अजून थोडं उतरलं की थांबेल.
पोलकं आता सैल. आतून टिपा घालून दिल्या.

१६ नोव्हें.
जिन्यात मध्येच बसली. पाय सुजलेत, छाती धडधडते. तरी माझ्यासमोर गोळी घेतली. गोळ्या थोड्याच आठवड्यांपुरत्या होत्या, हे आज कळलं. वर्ष होत आलं. मेडिकलवाला ओळखीचा, जुन्या चिठ्ठीवर देतो.

१८ नोव्हें.
नगरला हृदयाच्या डॉ.कडे. टूडी इको. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय, हृदयाची उजवी बाजू थकलीय. दम चरबीचा नव्हे, बहुधा गोळ्यांचाच. आजपासून बंद. भरून येईल का, विचारलं.
"काहींचं येतं, काहींचं नाही. पुण्याला पुढची तपासणी करा."
रिक्षात शैला म्हणाली, "सगळे छान दिसतेस म्हणायचे गं. मला वाटलं, बरी होतेय मी."

२ डिसें.
माझ्याकडेच आहे. खालच्या खोलीत. सूज थोडी उतरली, दम तसाच. रोहन लग्न पुढे ढकलू म्हणतो. ती ऐकत नाही.

२० डिसें.
कॅरलवाली मंडळी घरी आली. शैला खुर्चीत, आईचं पोलकं घालून. मी नको म्हणत असताना शेवटच्या सुरात आलीच. मीही धरला. तिचा कापायला लागला, तसा मी माझा सोडून दिला. क्षणभर तिचा एकटीचाच राहिला. मग तोही...
मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सगळे गेल्यावर शैला म्हणाली, "ताई, तू मुद्दाम सोडलास."
मी नाही म्हटलं नाही.
सोमवारी पुणे. पोलकं घडी करून ठेवलंय. आतल्या टिपा उसवून ठेवाव्यात, की राहू द्याव्यात तशाच...